माणशी पाच लाख

ताग्रूत, ९ सप्टेंबर १९८५

लाज़हर,

मी बरी आहे. तूही बरा असशीलच, आकडेवारी खात्यात काम करणाऱ्याला काय धाड भरली आहे.

मुद्द्यावर येते. काल जिल्हा कचेरीतून शाळेला पत्र आलं. ताग्रूत गावाचं माणशी वार्षिक उत्पन्न पाच लाख दिनार आहे, असं त्यात लिहिलं आहे. पाच लाख. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सबब हे गाव यापुढे 'मागास वस्ती' या सदरात बसत नाही, कारण त्या सदराची मर्यादा माणशी आठ हजारांची आहे. म्हणून मुलींच्या शाळेची बस पंधरा नोव्हेंबरला काढून घेऊन गरजू गावाला देण्यात येईल. खाली गावाचं अभिनंदनही केलं आहे.

तू अल्जियर्सला गेलास तेव्हा ही बस नव्हती, म्हणून सांगते. ती मिळवायला मी अकरा वर्षं अर्ज केले. गावातली शाळा सहावीपर्यंत. पुढची शाळा ऐन तफातला, चौदा किलोमीटरवर, मधे घाट. बस आहे म्हणून तेवीस मुली जातात. बस नसेल तर त्यांचे बाप त्यांना घरी बसवतील. तसं त्यांनी मला तोंडावर सांगून झालं आहे. त्यांतली एक नुवारा, मेंढ्या राखणाऱ्या राबहची मुलगी, वय तेरा. मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि अशी बुद्धी दोनदाच पाहिली. पहिली माझी. राबह परवा म्हणाला, "बाई, बस गेली की मी माझ्या भावाच्या मुलाला शब्द देऊन टाकतो."

पत्रावर संदर्भ तुमच्या खात्याचा आहे. तुमच्या यंत्रानं कुठेतरी जास्तीची शून्यं ओकली आहेत. ती शोधून काढ आणि मला कळव. फोन करू नकोस. गावातला एकुलता एक फोन पोस्टात आहे, आणि माझ्या वतीनं पोस्टमास्तरच उत्तरं देतो.

तुझी आत्या,
हद्दा


अल्जियर्स, २१ सप्टेंबर १९८५

प्रिय अम्ती हद्दा,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. रागावलेली असलीस की तुझं अक्षर जास्त सुंदर येतं.

तुझा गैरसमज आधी दूर करतो. माणशी उत्पन्न म्हणजे प्रत्येक माणसाच्या खिशात तेवढे पैसे असतात असं नव्हे. गावाचं सगळं उत्पन्न एकत्र करायचं आणि डोक्यांच्या संख्येनं भागायचं. तुमचा आकडा यंत्रानं तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा तोच आला. तीनशे बारा कुटुंबं, अठराशे बाहत्तर माणसं, एकूण उत्पन्न त्र्याण्णव कोटी साठ लाख दिनार. भागाकार तू स्वतः करून पाहा.

हा आकडा आता वार्षिक पुस्तकात छापून झाला आहे. आमचे संचालक सी नज़ीम यांनी त्याखाली लाल रेघ मारून भिंतीवर लावला आहे. देशात पहिला क्रमांक, अम्ती! दुसऱ्या क्रमांकावर तेलविहिरींची वसाहत आहे, आणि ती आपल्या खूप मागे आहे.

बसचं म्हणशील तर एवढ्या मोठ्या रकमेपुढे एका बसची काय कथा? गावानं वर्गणी काढून घ्यावी.

इकडे एक चांगली बातमी आहे. मला खात्याकडून फ्लॅट मिळाला. तिसरा मजला, दोन खोल्या, नळाला पाणी दिवसाआड. फैज़ाच्या वडिलांची चार वर्षांची अट पुरी झाली. वसंतात लग्न. तू यायचंसच.

तुझा,
लाज़हर


ताग्रूत, ३० सप्टेंबर १९८५

लाज़हर,

भागाकार मला शिकवू नकोस. तुला तो मी शिकवला. सात वेळा.

भागाकार बरोबर आहे. तुझी त्र्याण्णव कोटी साठ लाखाची रक्कम मूर्खपणाची आहे. मोठा आकडा आला की माणसं मान डोलवतात, कारण तो त्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून मी नुवाराला गणित घातलं: आपला पाववाला ज़र्रूक दर सेकंदाला एक दिनार मोजतो, जेवत नाही, झोपत नाही, नमाजाला उठत नाही, तर गावाचं उत्पन्न मोजायला त्याला किती वेळ लागेल? तिनं फळ्यावर दोन ओळी केल्या आणि म्हणाली, "तीस वर्षं, बाई. चार महिने कमी." वर्षभराची कमाई मोजायला तीस वर्षं! मग ज़र्रूक पाव कधी भाजणार?

गावात तुझ्या आकड्यानं काय केलं ते ऐक. आकडा खोटा आहे असं कुणीच म्हणत नाही. जो तो म्हणतो, माझ्याकडे नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे तरी दहा लाख आहेत. राबहनं भिंतीला चुना लावला, तर लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. ज़र्रूकनं उधारी बंद केली, "लखपतींना कसली उधारी?" मार्सेयला गेलेला तुझा चुलतचुलता, ज्याचा चौदा वर्षांत कागद नाही, त्यानं माझी तब्येत विचारणारं पत्र धाडलं आहे. सोबत त्याच्या ट्रकचं अंदाजपत्रक.

शेवटी मी कॉफीघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सरासरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "ते सगळं खरं बाई, पण तुमच्याकडे किती आहेत?"

गावानं बस विकत घ्यावी, हे वाक्य तू पुन्हा लिहिलंस तर मी लग्नाला येणार नाही. मला मूळ फॉर्म पाहून सांग. कुटुंबांनी काय सांगितलं आणि कागदावर काय लिहिलं गेलं. तुझं यंत्र नको, कागद.

फ्लॅटबद्दल अभिनंदन. इतक्या अचानक कसा मिळाला?

हद्दा


अल्जियर्स, १२ ऑक्टोबर १९८५

प्रिय अम्ती,

हे पत्र घरून लिहितो आहे. वाचून झाल्यावर चुलीत घाल.

फॉर्म मी तळघरातून काढून आणले. तीनशे बारा, सगळे एका हाताचे, अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. गणना केली आहे बेलकासेमनं, नगरपालिकेतल्या आपल्या कारकुनानं. रकान्याच्या डोक्यावर छापलं आहे: 'वार्षिक उत्पन्न, दिनार'. खाली त्यानं लिहिलं आहे: तीन मिलियन. अडीच मिलियन. साडेतीन मिलियन. असे तीनशे बारा. इथल्या मुलींनी त्याची शून्यं मोजून तशीच यंत्रात घातली. अल्जियर्सच्या शिकलेल्या मुली, खात्याच्या कागदावर 'मिलियन' दिसला की त्यांना मिलियनच वाटतो.

आता तुला कळलंच असेल. तेव्हा चूक आमच्या यंत्राची नाही. चूक ताग्रूतमध्ये झाली.

दुरुस्ती करावी म्हणशील तर नियम असा आहे. छापून आलेल्या आकड्याच्या दुरुस्तीसाठी फॉर्म नंबर १७ भरायचा. त्यानं आकडा एका खेपेला दहा टक्क्यांहून जास्त बदलता येत नाही, आणि फॉर्म तीन महिन्यांतून एकदाच देता येतो. खात्याची अब्रू एकदम जाऊ नये म्हणून ही सोय आहे.

शिवाय मंत्रिमहोदयांनी तो आकडा भाषणात वाचून दाखवला. आता एका मित्रदेशाचं शिष्टमंडळ वीस नोव्हेंबरला ताग्रूतला येतं आहे, गावानं एवढी प्रगती कशी केली ते शिकायला. तेव्हा कृपा करून त्या दिवसापर्यंत कुणाशी काही बोलू नकोस.

तुझा,
लाज़हर


ताग्रूत, १९ ऑक्टोबर १९८५

लाज़हर,

पत्र चुलीत घातलेलं नाही. मी कागद जाळत नाही.

शंभर सांतिमचा एक दिनार होतो, हे या गावाला मी जन्मभर सांगत आले. दिनार येऊन एकवीस वर्षं झाली, तरी माणसं अजून सांतिमच मोजतात. दहा हजार दिनार हातात असले की म्हणतात, एक मिलियन आहे. तीस हजार कमावतात आणि तीन मिलियन सांगतात. वर्गात कुणी मिलियन म्हणालं की मी त्याला उभं करायची. तेव्हा मला वाटलं, हा कुणी बाहेरचा गणनेवाला असणार. पण बेलकासेम? तो माझा विद्यार्थी. मी त्याला बोलावून घेतलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"सी राबहनं तुला काय सांगितलं?"

"दोन मिलियन, बाई."

"आणि तू काय लिहिलंस?"

"दोन मिलियन."

"रकान्यावर दिनार छापलं होतं, ते तुला दिसलं?"

"दिसलं, बाई."

"मग शंभरानं भागलं का नाहीस?"

तो एकदम म्हणाला, "बाई, १९५४ साली मी गणितातला आकडा सोपा पडावा म्हणून बदलला होता. तुम्ही मला दोन तास बाकावर उभं केलं होतं. म्हणालात, दिलेल्या आकड्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून मी लावलेला नाही."

मी त्याला कॉफी दिली. दुसरं काय करणार?

तेव्हा चूक ताग्रूतमध्ये झाली हे मी मान्य करते. कुणामुळे झाली तेही.

तुझ्या फॉर्म १७ चं गणित मी नुवाराला घातलं. दर खेपेला दहा टक्के उतरत पाच लाखांवरून खऱ्या पाच हजारांवर यायला किती फॉर्म लागतील? चव्वेचाळीस. वर्षाला चार, म्हणजे अकरा वर्षं. बस मिळायला अकरा वर्षं लागली आणि आम्ही गरीब आहोत हे कबूल व्हायलाही अकराच. सरकारला हा आकडा आवडतो असं दिसतं. चाळिसाव्या खेपेला आम्ही आठ हजारांच्या खाली येऊन पुन्हा मागास होऊ. तोवर नुवाराला चार मुलं झालेली असतील.

आता माझा प्रश्न. अल्जियर्सच्या मुलींना मिलियन कळला नाही, हे मी समजू शकते. तू याच गावात जन्मलास. तुझ्या बापाला माझ्यासमोर पगार मिळायचा तो 'ऐंशी हजार', आणि त्यात कसाबसा महिना निघायचा. ताग्रूतच्या नावापुढे पाच लाख दिनार दिसले तेव्हा ती चूक तुला दिसली की नाही?

हो किंवा नाही. एका शब्दात.

हद्दा


अल्जियर्स, २७ ऑक्टोबर १९८५

अम्ती,

हो.

एका शब्दात तेवढंच होतं. पण मला थोडं आणखी लिहू दे.

यादी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी हसलो. पेन्सिल उचलली. तेवढ्यात सी नज़ीम आले, आकडा पाहिला आणि विचारलं, "हे ताग्रूत कुठे आहे?" मी म्हटलं, "माझं गाव आहे, साहेब." बारा वर्षं या खात्यात आहे, त्यांना माझं नावही नीट येत नव्हतं. ते म्हणाले, "अरे वा! असं गाव असून तू इतका बारीक का?" सगळे हसले. मग त्यांनी मला केबिनमध्ये बसवून कॉफी पाजली. दुसऱ्या दिवशी आकडा भिंतीवर होता. आठवड्यानं फ्लॅटच्या यादीत माझं नाव सत्तराव्या जागेवरून तिसऱ्यावर आलं. पेन्सिल परत कानावर ठेवली ती तिथेच राहिली.

बसचा मला खरंच अंदाज नव्हता. शपथेवर सांगतो.

आता मी कबूल केलं तर फ्लॅट जाईल आणि फैज़ाचे वडील तिला तिच्या मावसभावाला देतील. त्याच्याकडे गाडी आहे. तरी तू सांगशील तसं करतो. साहेबांकडे जाऊन सांगू का? उद्या सांगू?

लाज़हर


तार. ताग्रूत, १ नोव्हेंबर १९८५

काही सांगू नकोस. पत्र येत आहे. साहेबांना दे. देताना टाय घाल. हद्दा


ताग्रूत, २ नोव्हेंबर १९८५

लाज़हर,

तुझ्या पत्राबद्दल मला जे वाटलं ते मी समोर भेटल्यावर सांगेन. हातानंच.

पण कबुली देऊन काय होईल याचा मी विचार केला. आकडा अकरा वर्षं तसाच राहील, कारण फॉर्म १७ तसाच आहे. तुझा फ्लॅट जाईल. बसही जाईल. म्हणजे खरं बोलून एकाही मुलीची शाळा वाचत नाही. तेव्हा गणित दुसऱ्या बाजूनं सोडवायचं.

सोबतचं पत्र सी नज़ीम यांना दे. ते असं आहे:

'महोदय, आपण आमच्या गावाला देशात पहिलं स्थान दिलंत, त्याबद्दल सगळे गावकरी आभारी आहेत. आपल्या आज्ञेनुसार मुलींची बस आम्ही पंधरा तारखेला आनंदानं परत करू. वीस तारखेला परदेशी पाहुणे येतील तेव्हा तेवीस मुली शाळेत न जाता घराच्या उंबऱ्यावर बसलेल्या असतील. माणशी पाच लाख दिनारांच्या गावात मुलींना शाळेत न्यायला एक बस कशी नाही, असं पाहुणे कदाचित विचारतील. उत्तर द्यायला श्री. बेलकासेम हजर राहतील. सगळे फॉर्म त्यांनीच भरले असून, कुणी काय सांगितलं ते त्यांना शब्दशः पाठ आहे. ते माझे विद्यार्थी आहेत आणि विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देत नाहीत. आपली, हद्दा, निवृत्त गणितशिक्षिका.'

यातला एकही शब्द खोटा नाही. तपासून पाहा.

हद्दा


अल्जियर्स, १३ नोव्हेंबर १९८५

अम्ती हद्दा, माझ्या डोक्यावरचा मुकुट,

टाय घातला होता. साहेबांनी पत्र एकदा वाचलं. दार लावून घेतलं. पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "ही बाई तुझी कोण?"

"आत्या."

"लग्न झालंय?"

"नाही, साहेब."

"वाटलंच," म्हणाले, आणि फोन उचलला. जिल्हा कचेरीवर ते इतके ओरडले की टायपिस्ट मुलींनी टायपिंग थांबवलं. "देशातल्या सगळ्यांत श्रीमंत गावाची बस काढून घेता? लोकांना वाटेल आकडाच खोटा आहे!"

बस राहणार आहे. मागास वस्ती म्हणून नव्हे, 'आदर्श वस्ती' म्हणून, आणि हुकूम कायमचा आहे. एवढ्या उत्पन्नाच्या गावात एकच बस शोभत नाही, म्हणून अठरा तारखेपर्यंत दुसरी येईल. तिला पडदे आहेत. पडद्यांचा रंग कळवायचा आहे.

हुकमाची प्रत सोबत. सही आणि शिक्का दोन्ही आहेत, मी दोनदा पाहिलं.

तुझा,
लाज़हर


ताग्रूत, २६ नोव्हेंबर १९८५

लाज़हर,

पडदे निळे आले. कळवलं नव्हतं, तरी आले.

पाहुणे नऊ होते, सोबत दुभाषा आणि जिल्हा कचेरीची सोळा माणसं. आम्ही चखशूखा केला. तो त्यांना इतका तिखट लागला की पहिला अर्धा तास प्रगतीबद्दल कुणी काही विचारू शकलं नाही. मग शिष्टमंडळाच्या प्रमुखानं बसचा ड्रायव्हर सी ईसा याला विचारलं, "तुम्हाला वर्षाला किती मिळतं?"

कचेरीची सोळाही माणसं ईसाकडे वळली. मीही.

ईसा म्हणाला, "साडेतीन मिलियन. आता दुसरी बस आली, माझ्या भावालाही तेवढेच मिळतील."

दुभाष्यानं ते तसंच सांगितलं. पाहुण्यांनी वह्यांत लिहून घेतलं. प्रमुख म्हणाला, आमच्या देशात मंत्र्यालाही इतके मिळत नाहीत, आणि त्यानं ईसाचा हात दोन्ही हातांनी हलवला. ईसानं खरं तेच सांगितलं होतं. बेलकासेमलाही त्यांनी विचारलं. त्यानंही खरं तेच सांगितलं. त्या दिवशी गावात कुणीही एक शब्द खोटा बोललं नाही, आणि एक शब्द खरा कुणाला कळला नाही.

शेवटी प्रमुखानं नुवाराला विचारलं, "एवढ्या पैशांचं तुमचं गाव करतं तरी काय?"

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मोजतं. मोजायला तीस वर्षं लागतात."

टाळ्या पडल्या. तेही लिहून घेतलं गेलं. जाताना ती बसच्या दारात मला हळूच म्हणाली, "बाई, उत्तर चुकलं ना? खरं उत्तर एकशे आठ दिवस." मी म्हटलं, "उत्तर बरोबर होतं. प्रश्न चुकीचा होता." ती समाधानानं आत जाऊन बसली, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा आता तुझं काम. दुसऱ्या पाकिटात फॉर्म नंबर १७ आहेत, चव्वेचाळीस. मुलींनी बसमध्ये बसून भरले, टक्केवारीचा सराव म्हणून. प्रत्येकावर तारीख आहे. पहिला तू एक जानेवारीला द्यायचास: पाच लाखांवरून साडेचार लाख. साहेबांना बिचकायचं कारण नाही, आमचा पहिला नंबर तरीही जात नाही. पुढचा एप्रिलमध्ये. अकरा वर्षं, एकही खेप न चुकता. बसचा हुकूम 'आदर्श' म्हणून आहे, तो कायमचा आहे. आणि आकडा खाली आला की आम्ही मागास म्हणून बसला पात्र होतोच. कसंही झालं तरी बस राहते, आणि शेवटी आकडा खरा होतो. या मुली तोवर शिकून बाहेर पडतील. त्यांतली एखादी तुमच्या खात्यात येईल. तेव्हा कानावरची पेन्सिल काढून तिला दे.

हे तुझ्या फ्लॅटचं भाडं समज. फॉर्ममधल्या एकाही आकड्याला हात लावू नकोस.

लग्नाला येते. राबहनं भावाच्या मुलाला नाही म्हणून कळवलं. म्हणाला, पडदे असलेल्या बसमधून जाणारी मुलगी इतक्यात कशी देऊ?

तुझी आत्या,
हद्दा

ता. क. तेवीस जणींच्या आयांनी मिळून तुम्हाला गालिचा विणला आहे, ईसाबरोबर पाठवते. पाच लाखांचा आहे. फैज़ाच्या वडिलांना आकडा तेवढाच सांग, कशातले ते त्यांनी विचारेपर्यंत गप्प राहा.